कागदावर न झालेली शर्यत

आयुष्यात मी एकाच माणसावर हात उगारला, आणि ज्याला मारलं त्याचा पाय त्या वेळी गुडघ्याखाली चिरडलेला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी नियम, कायदे, मेळ्याचं अनुदान असं बरंच काही बोलणार आहे, आणि ते वाचताना मी फार न्यायी बाई आहे असा कोणाचा समज होऊ नये.

मी उज्जैनची, सरकारी नोकरीतली जनावरांची डॉक्टर. आमचं घराणं इथल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. पूर्वज संस्थानच्या पागेत कारकून होते. पागेत नवा घोडा आला की त्याचं वर्णन लिहून घेणं एवढंच त्यांचं काम. रंग कोणता, दात किती, पांढरे पाय कोणते, केसांचे भोवरे कुठे आहेत, जुना व्रण आहे का. लढाईत घोडा मेला की त्या वर्णनावरून ओळख पटायची आणि मगच स्वाराला दुसरा घोडा मिळायचा. म्हणजे लढाया दुसऱ्यांनी केल्या, आमच्याकडच्यांनी मेलेल्या घोड्यांचे पाय मोजले. पण अभिमान बघावा तर सेनापतीच्या घराला लाजवेल असा. आपल्या लेखणीनं न पाहिलेला घोडा कधी लिहिला नाही, हे वाक्य मी भाकरीबरोबर खाल्लेलं आहे.

बाबा बँकेत होते. घोड्याशी त्यांचा संबंध लग्नाच्या वरातीपुरता. तरी मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून दर रविवारी सकाळी ते मला देवास गेटच्या तांगा स्टँडवर न्यायचे. तेव्हा तिथे तांग्यांची रांग असायची. बाबा एका घोड्याकडे बोट दाखवायचे आणि मी वहीत त्याचं वर्णन लिहायचं. तांगेवाल्यांना गंमत वाटायची. एक म्हातारा तांगेवाला मला गुळाचा खडा द्यायचा आणि घोड्याच्या तोंडासमोर उभी राहू नकोस म्हणून हाताला धरून बाजूला करायचा.

एका रविवारी ऊन फार होतं. मी सावलीतूनच लिहून टाकलं, चारी पाय पांढरे. बाबांनी वही घेतली, घोडीजवळ जाऊन वाकून बघितलं आणि परत येऊन माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी चाकाला जाऊन धडकले. "तीन आहेत. चौथा कुठून आणला तू? देखून लिहायला काय झालं होतं?" भर स्टँडवर, सगळ्यांसमोर. ओठ फुटला होता. त्या म्हाताऱ्यानं मला उचलून आपल्या तांग्यात बसवलं आणि घरापर्यंत सोडलं, बाबा शेजारी बसून. मार विसरले नाही, आणि मार खाल्ला ते बरं झालं असंच कितीतरी वर्षं समजत राहिले.

आता मेळ्याचं सांगते. क्षिप्रेच्या पलीकडे दरवर्षी शेतीचा मेळा भरतो. बियाण्यांचे स्टॉल, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर, लसणाच्या नव्या जातींची माहिती सांगणारे लाऊडस्पीकर. हा मेळा सरकारी अनुदानावर चालतो, त्यामुळे त्याला नियम आहेत. सरकारी पैशावर भरणाऱ्या मेळ्यात जनावरांची शर्यत लावायची तर वेगळी परवानगी, जनावरांची नोंदणी, आणि कुठे पैज लागली असं दिसलं तर पुढचं अनुदान बंद. नियम चांगलेच आहेत. मी स्वतः ते वाचलेत. पण माणसं मेळ्याला लसूण बघायला येत नाहीत, तांग्यांची दौड बघायला येतात, हे मेळ्याच्या समितीला ठाऊक होतं आणि अनुदान देणाऱ्यांनाही. मग त्यावर तोडगा काढलेला होता. कागदावर दौड नसायची. कागदावर असायची 'नस्ल प्रदर्शनी'. शेतकऱ्यांना चांगल्या जातीचे घोडे दाखवणं, त्यांना चालवून दाखवणं. दुपारी मंडपासमोर घोडे खरोखर एक फेरी चालायचे, फोटो निघायचे. आणि मग सगळे उठून मैदानामागच्या बांधावर जायचे.

मोठ्या शहरांत गवताच्या मैदानावर घोडे पळतात, लोक उघड पैसे लावतात, आणि कायद्याच्या दृष्टीनं तो कौशल्याचा खेळ. आमच्या बांधावर तेच झालं की जुगार आणि क्रूरता. आणि क्रूरता तर होतीच, मी नाकारत नाही. पण तिकडे घोड्याच्या पाठीवर पडणारा चाबूक काही फुलांचा असतो असं नाही. याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

प्रदर्शनीत उतरणाऱ्या घोड्यांना दाखला द्यायला एका वर्षी मला पाठवलं. मेळा अधिकारी तोंडभर हसत म्हणाले, "मैडम, सिर्फ प्रदर्शनी के लिए फिट लिखना है. बाकी आप समझदार हैं." मी समजले. घोडा चालण्यालायक असेल तर चालण्यालायक आहे असं लिहायला माझी काय हरकत? मला वाटलं, मी खोटं कुठे लिहितेय. जे कागदावर विचारलं त्याचंच उत्तर देतेय.

तिसरी की चौथी एक कुमैत, म्हणजे काळसर तांबडी घोडी आली. कपाळावर पांढरा चांद, मागचे दोन पाय पांढरे, मानेवर उजव्या बाजूला भोवरा. हाडानं बारीक पण नजर तरतरीत. तिला धरून उभा असलेला माणूस चाळिशीचा, दाढी वाढलेली, देवास गेटचा तांगेवाला. "पहचाना नहीं?" तो म्हणाला. "हमारे बाबूजी आपको गुड़ खिलाते थे." त्या म्हाताऱ्याचा हा मुलगा. स्टँड आता राहिलेलाच नाही, ई-रिक्षांनी तांगे गिळले. यानं मात्र घोडी विकली नव्हती. लग्नसराईत वराती आणि मेळ्याला दौड, यावर तो तिचं आणि आपलं पोट भागवत होता. मला खरंच आनंद झाला. मी घोडीच्या मानेवर थाप मारली, तिनं माझ्या खांद्यावर नाक पुसलं.

मग मी वर्णन लिहायला लागले आणि मागच्या मांडीवर आतल्या बाजूला माझा हात थबकला. बारीक बारीक खपल्या होत्या, बोटाच्या टोकाएवढ्या, एका ओळीत. "ये क्या है?" मी विचारलं. "मक्खी ने काटा है मैडम," तो म्हणाला. गोमाशी ओळीत चावत नाही. हे मला कळत होतं. पण त्याच्या बापाचा गूळ मी खाल्ला होता, मागे रांग होती, आणि घोडी चालण्यालायक होतीच. मी लिहिलं: जुने व्रण, भरलेले. प्रदर्शनीसाठी योग्य. खाली सही केली.

दुपारी बांधावर गेले ते कोणी बोलावलं म्हणून नव्हे. मला बघायचं होतं. लहानपणापासून मला पळणारा घोडा आवडतो. हेही सांगितलं पाहिजे.

दोन गाड्या होत्या. तांग्यांची छतं, मागची बाकं, सगळं काढून टाकलेलं, नुसता सांगाडा आणि दोन चाकं. एकीला आमची कुमैत, दुसरीला बडनगरकडचा एक पांढरा घोडा. दोन्ही बाजूंनी मोटरसायकली, त्यांचे हॉर्न, मागे बसलेले लोक ओरडताहेत, काठ्या आपटताहेत. कच्च्या बांधाची रुंदी दोन गाड्यांना जेमतेम पुरेल एवढी. कोणीतरी रुमाल खाली केला.

पहिल्या फर्लांगभर कुमैत पुढे होती. ती पळत होती ते डोळ्यांत साठवावं असं होतं, हे मी आजही म्हणेन. मग पांढरा बरोबरीला आला. तांगेवाला वाकला आणि त्यानं हात पुढे, घोडीच्या मागच्या मांडीकडे नेला. त्याच्या हातात चाबूक नव्हता. हातभर लांबीची काठी होती आणि तिच्या टोकाला काहीतरी चमकलं. घोडी किंचाळली. घोडा खिंकाळतो ते वेगळं आणि हे वेगळं. तो पुन्हा टोचत गेला, पुन्हा, पुन्हा, आणि प्रत्येक वेळी ती बाजूला उडी घेत होती. पाचव्या-सहाव्या वेळी ती पांढऱ्याच्या अंगावर गेली. दोन्ही गाड्यांची चाकं एकमेकांत अडकली. लाकूड फुटल्याचा आवाज आला, त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला तो हाडाचा होता.

मी पोचले तेव्हा धूळ बसलेली नव्हती. पांढरा घोडा दोर तोडून शेतात पळून गेला होता. त्याच्या गाडीवाल्याला लोकांनी धरलं होतं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवत होते, ज्यांचे पैसे कुमैतवर लागले होते ते. त्याचं डोकं जमिनीवर आपटल्याचं मी पाहिलं. कोणी सोडवायला गेलं नाही, मीही नाही. मी घोडीकडे गेले. तिच्या पुढच्या डाव्या पायाची नळी मधोमध मोडली होती आणि हाड कातडीबाहेर आलं होतं. ती उठायचा प्रयत्न करत होती. त्या मोडक्या पायावर भार द्यायची, पाय दुमडायचा, ती तोंडावर पडायची, आणि परत उठायला बघायची. दोन माणसं तिला उठवायला म्हणून काठीनं मारत होती. मी एकाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि त्याला इतकी घाण शिवी दिली की तो चक्रावून बाजूला झाला.

तिला सोडवायचं होतं, त्या हालांतून. पण माझ्या पेटीत काय होतं? जंताचं औषध, मलमपट्टी आणि गुंगीच्या इंजेक्शनची एकच बाटली. प्रदर्शनीला येताना मी प्रदर्शनीची पेटी आणली होती. कागदाला साजेशी. गुंगी दिली, ती अर्ध्या अंगालाही पुरली नाही. दवाखान्यातून दुसरं औषध आणायला माणूस पिटाळला, तर मेळ्याच्या गर्दीनं पुलापर्यंत रस्ता अडलेला. मेळ्याच्या बंदोबस्ताला आलेल्या ठाणेदाराच्या कमरेला पिस्तूल होतं. मी त्याला हात जोडले. तो म्हणाला, "किस बात में गोली चलाऊँ मैडम? यहाँ तो कुछ हुआ ही नहीं है." तो चेष्टा करत नव्हता. वरून त्याला तसंच सांगितलेलं होतं.

तासभर लागला. तो तास मी तिचं डोकं मांडीवर दाबून धरून बसले होते. तिच्या नाकातून फेस आणि रक्त माझ्या साडीवर येत होतं. तिचा डोळा माझ्याकडे होता, मोठा, ओला. डॉक्टरनं असं काही मनाला लावून घ्यायचं नसतं. मी घेतलं.

तांगेवाला दहा पावलांवर पडला होता. गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. कोणीतरी गुडघ्यावर त्याचाच गमछा आवळून बांधला होता. रुग्णवाहिकाही त्याच पुलापलीकडे अडकलेली. त्याचा चेहरा राखेसारखा पांढुरका पडला होता, पण शुद्ध होती. तो मला हाका मारत होता. मी घोडीचं डोकं दुसऱ्याच्या हातात देऊन उठले. तो म्हणाला, "मैडम, एक सुई लगा दो, उठ जाएगी. बचा लो उसको."

त्याच्या मुठीत ती काठी अजून होती. शेतकरी बैलासाठी वापरतात तसली पराणी, आखूड केलेली. टोकाच्या खिळ्याला, त्या आरेला, रक्त लागलेलं आणि कुमैती केस चिकटलेले. सकाळच्या खपल्यांची ओळ मला आठवली. डोक्यात अशी तिडीक गेली की पुढचं काही दिसेना. मी वाकले आणि त्याच्या तोंडात मारली. एकदा नव्हे, तीनदा. घोडीच्या रक्तानं माखलेला माझा हात त्याच्या गालावर उमटला. त्यानं हात वर केला नाही. नुसते डोळे मिटून घेतले.

मागून कोणीतरी ओरडलं, "शाबाश मैडम!" टाळ्या पडल्या. तासाभरापूर्वी त्याच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडणारे हेच लोक. आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. मी पराणी त्याच्या मुठीतून काढून घेतली आणि पेटीत टाकली.

औषध आलं. घोडी मेली. तांगेवाल्याला इंदूरला नेलं, तिथे पाय गुडघ्याच्या वर कापला.

तिसऱ्या दिवशी मेळा अधिकारी ऑफिसात आले. आता हसत नव्हते. विभागानं माझ्याकडून लेखी अहवाल मागवला होता आणि सगळं त्यावर अडलं होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं. मेळ्याचा विमा उतरवलेला आहे. कागदावरच्या कार्यक्रमात भाग घेणारा जखमी झाला तर त्याला भरपाई मिळते. प्रदर्शनीत घोडी बुजली आणि गाडी उलटली एवढं मी लिहिलं, की तांगेवाल्याचं भागेल, मेळ्याचं अनुदान वाचेल, माझ्या दाखल्यालाही धक्का लागणार नाही. "सबका भला है मैडम," ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, माझ्या टेबलावरून उठा.

संध्याकाळी तांगेवाल्याची बायको नानाखेड्याला आमच्या घरी आली. आत यायला तयार नव्हती, पायरीवरच बसली. मी पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं. "पैर गया, घोड़ी गई," ती म्हणाली. "अब घर में कमाने को कुछ नहीं बचा. बस इतना लिख दो दीदी, कि बिदक गई थी."

"जो देखा नहीं, वो मैं नहीं लिखती," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. "उस सुबह तो लिखा था आपने. प्रदर्शनी."

मी दार लावून घेतलं. हो, तिच्या तोंडावर. आत बाबा आरामखुर्चीत बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "देखलं तेच लिही. पागेची लेखणी आहे." मला तेवढंच हवं होतं.

तो अहवाल मी एका बैठकीत लिहिला. इतकं चांगलं मी नोकरीत काही लिहिलं नसेल. दौड होती, बांधावर होती, दोन गाड्या होत्या, पैजा लागल्या होत्या. घोडीचं पूर्ण वर्णन, चांद, भोवरा, दोन पांढरे पाय. खिळा लावलेली काठी, ती किती वेळा टोचली, कुठे टोचली. सकाळच्या व्रणांकडे मी कानाडोळा केला हेही लिहिलं, कारण मला वाटलं स्वतःला सोडलं नाही म्हणजे मी निर्मळ झाले. मी समजत होते की हे घोडीसाठी आहे, आणि अनुदानावर बसून खोटं बोलणाऱ्या त्या समितीला आता चांगलीच अद्दल घडेल.

समितीनं दोन ओळींत हात झटकले. मेळ्याच्या हद्दीबाहेर काही खासगी लोकांनी बेकायदा दौड लावली, तिचा मेळ्याशी संबंध नाही, पशुचिकित्सकांचा अहवाल सोबत जोडला आहे. पुरावा म्हणून माझाच कागद. विमेवाल्यांनीही तोच कागद दाखवून भरपाई नाकारली. आणि पोलिसांनी त्याच्यावरून गुन्हा नोंदवला, जनावराला क्रूरतेनं वागवणं, जुगार, बेफाम गाडी हाकणं. बडनगरचा गाडीवाला मार खाऊन जो गेला तो सापडला नाही. रुमाल खाली करणारा कोण होता हे कोणाला माहीत नव्हतं. आरोपी एकच उरला, इंदूरच्या हॉस्पिटलात पडलेला, एका पायाचा.

मला एक ताकीद मिळाली आणि गावाबाहेरच्या केंद्रावर बदली. पुढच्या वर्षी मेळ्याला अनुदान आलं. प्रदर्शनी झाली. दाखले दुसऱ्या कोणीतरी दिले. बांधावर धूळ उडाल्याचं मी पुलावरून जाताना पाहिलं आणि स्कूटर थांबवली नाही.

मी रागावलेलीच राहिले असते तर बरं झालं असतं. पण राग फार दिवस टिकत नाही, मग मागे जे उरतं ते बघावं लागतं. एकदा रामघाटावर कोणाच्या तरी दहाव्याला गेले होते. परत येताना पायऱ्यांवर तो दिसला. कुबड्या शेजारी ठेवून यात्रेकरूंच्या चपला राखत होता. मी खांबाआड थांबले. तो एक चप्पल उचलून जोडीला लावत होता, सावकाश, टाच टाचेला जुळवून. मला त्याच्या बापाचा हात आठवला, मला बाजूला करणारा. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की तो अहवाल मी घोडीसाठी लिहिलाच नव्हता. बांधावर मारलेल्या तीन थपडा मला पुरल्या नव्हत्या. चौथी मी कागदावर मारली. आणि ती खरी होती म्हणून तिच्यापासून वाचायला त्याला जागाच नव्हती.

कोर्टाचं समन्स आलं ते त्यानंतर. साक्षीदार म्हणून मी एकटी. त्या दिवशी सकाळी बाबांनी माझा हात धरला. आता त्यांना नीट दिसत नाही. "देखलं तेच सांग," ते म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. पराणी माझ्या पिशवीत होती, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली. पोलिसांनी ती कधी मागितलीच नव्हती. ती दाखवायची की नाही हे मी शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं.

तो आरोपीच्या जागी उभा होता, कुबड्यांवर. वकील बसायला सांगत होते, तो बसत नव्हता. मला शपथ दिली. सरकारी वकिलांनी माझा अहवाल वाचून दाखवला. मग त्यांनी विचारलं, "खिळा लावलेली काठी तुम्ही स्वतः पाहिली?" त्यांनी हिंदीत विचारलं, मीही हिंदीतच उत्तर दिलं.

"नहीं."

वकिलांनी चष्मा काढला. "पण तुम्ही लिहिलंय."

"लोग बोल रहे थे. वही लिख दिया. मैंने देखी नहीं."

माझ्या घराण्यात दोनशे वर्षांत कोणी असं म्हटलं नसेल. न पाहिलेलं लिहिलं, असं मी शपथेवर सांगत होते, आणि पाहिलेलं माझ्या मांडीला टेकलेल्या पिशवीत होतं. खिळ्याचं टोक टॉवेलातून मला टोचत होतं.

"आणि दौड?"

"मैं दूर थी. प्रदर्शनी की गाड़ियाँ लौट रही थीं. घोड़ी बिदक गई."

न्यायाधीशांनी माझं उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. सरकारी वकील मला जे बोलले ते ऐकून घेण्यालायकच होतं. दुसरा पुरावा नव्हता. पुढच्या तारखेला तो सुटला.

निकालाच्या दिवशी मला जायचं काही कारण नव्हतं, तरी गेले. तो कोर्टाबाहेर चहाच्या टपरीला टेकून उभा होता, शेजारी त्याची बायको. तिनं मला पाहून तोंड फिरवलं. मी जवळ गेले. काय बोलणार होते मलाच माहीत नव्हतं. माफी मागायची होती, त्या थपडांची, त्या कागदाची. विम्याची मुदत केव्हाच संपलेली होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्याचा आवाज शांत होता. आपल्या बापासारखा, कोणाला बाजूला करावं तसा.

"यही झूठ उस दिन बोल देतीं, मैडम."